वाळवणाचे ओटे

वोलोतेपू या गावात मी कधीही गेलेले नाही. तरी त्या गावाबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी लिहिलेलं नाही, असं आमच्या क्लायंट कंपनीतल्या एका बड्या साहेबाने मला ईमेलमध्ये कळवलं होतं. आमच्या बॉसने, शैलेंद्रने, ती ईमेल छापून ऑफिसच्या किचनमध्ये मायक्रोवेव्हच्या वर चिकटवली होती. रोज डबा गरम करताना मी ती वाचायचे. दीड मिनिटात तीनदा वाचून व्हायची.

आमचं ऑफिस ऑस्ट्रेलियात, पॅरामॅटाला, लाइट रेलच्या रुळांकडे तोंड करून. आम्ही अकरा माणसं. कुठे धरण, खाण किंवा विजेचा प्रकल्प व्हायचा असला की तिथल्या गावाची प्रोफाइल लिहून द्यायची, हे आमचं काम. माणसं किती, घरं किती, पाणी कुठून आणतात, देव कुठे, मेलेल्यांना कुठे पुरतात, आणि प्रकल्प आला तर कोणाचं काय जाईल. कंपनी शैलेंद्रची. तो मूळचा डोंबिवलीचा, आता कॅसल हिलला राहतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण इथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. मी पुण्याची. इथल्या युनिमध्ये मानववंशशास्त्र शिकायला आले, हौसेने इंडोनेशियन भाषा घेतली आणि पुढे तीच पोटापाण्याला आली. ऑफिसात मला 'आमची इंडोनेशिया' म्हणायचे. अख्खा देश मी एकटीच. याची लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटायचं.

वोलोतेपू फ्लोरेस बेटावर, डोंगराच्या कुशीत आहे. सत्त्याऐंशी घरं, चारशे बारा माणसं. कॉफी, थोडा मका, डुकरं, कोंबड्या. शाळा सहावीपर्यंत. पाणी वरच्या झऱ्यावरून बांबूच्या पन्हळीने येतं आणि उन्हाळ्यात येत नाही. डोंगराच्या पोटात वाफ आहे, आणि त्या वाफेवर एका कंपनीला वीज काढायची होती. भोकं पाडायची अवजड यंत्रं वर न्यायला रस्ता हवा. रस्ते दोन आखले होते. 'ए' सरळ गावच्या चौकातून जाणारा, 'बी' डोंगराला वळसा घालून जाणारा, लांबचा आणि आठ महिने जास्त घेणारा. चौकात पूजेची किंवा पुरण्याची जागा निघाली तर 'बी'. नाही निघाली तर 'ए'. ते ठरणार होतं माझ्या प्रोफाइलवरून.

मला तिथे पाठवायला ना वेळ होता ना तयारी. ड्रोनचे फोटो आले, जुने अहवाल आले, आणि गावातला एक माणूस मदतीला मिळाला. मार्तिनुस. तिथल्या शाळेत शिकवतो, तिशीतला, अतिशय सभ्य. मी पाठवलेले फॉर्म तो घरोघरी फिरून भरायचा आणि टेकडीवर चढून, जिथे रेंज येते तिथून, मला फोटो पाठवायचा. मला 'मॅडम' म्हणायचा. इथे मला कोणी मॅडम म्हणत नाही, त्यामुळे तेही आवडायचं.

चौकात घरांच्या समोर एकोणीस ओटे होते. सपाट, दगडी, वरून सिमेंट फिरवलेले, गुडघ्याएवढे उंच. प्रत्येक फोटोत त्यांच्यावर कॉफीच्या बिया पसरलेल्या. कुठे मका, कुठे धुतलेले कपडे. पोरं वर बसून अभ्यास करतायत, एक म्हातारा पाय सोडून विडी ओढतोय. ते बघून मला आमची सदाशिव पेठेतली गच्ची आठवली. आईच्या कुरडया, सांडगे, आणि कावळे हाकायला बसवलेली मी. मी लिहिलं, 'घरासमोरचे वाळवणाचे ओटे हे गावाच्या सामाजिक जीवनाचं केंद्र आहे.' त्यावर एक पूर्ण परिच्छेद लिहिला. कॉफीवर, बायकांच्या हातांवर, सिमेंट दुपारी कसं तापतं त्यावर. साहेबाने ईमेलमध्ये कौतुक केलं होतं ते याच परिच्छेदाचं.

पुरण्याची जागा मी शोधली नाही असं नाही. ड्रोनच्या फोटोत चर्चच्या मागे क्रॉस दिसत होते, ओळीने. मी अंतर मोजलं, रस्त्यापासून एकशे चाळीस मीटर. फॉर्ममध्ये लिहिलं, 'दफनभूमी: आहे. बाधित: नाही.' खूण केली आणि चहा करायला उठले.

मार्तिनुसने ओट्यांची यादीही पाठवली होती. मीच मागितली होती. क्रमांक, लांबी, रुंदी, मालकाचं नाव. त्याने एकोणीस नावं सुवाच्य अक्षरात लिहून पाठवली, सगळ्यात जुन्या घराण्यापासून क्रमाने. सातव्या ओट्याचा मालक पेत्रुस. त्या ओट्याची मालकीण मला माहीत होती. मामा लुसिया, मार्तिनुसची आजी. तिकडे बाईला मानाने मामा म्हणतात. एकदा व्हिडिओ कॉलवर तिने मला तिची कॉफी दाखवली होती. ओट्यावर बसून बिया हाताने परतत होती. दात नव्हते, पण हसणं तोंडभर. मार्तिनुसने तिला कप आणून दिला, तिने त्यातली थोडी ओट्याच्या कोपऱ्यावर सांडली आणि मग प्यायली. मला वाटलं, म्हातारीचा हात कापतो.

अहवाल एप्रिलमध्ये मान्य झाला. तक्ता क्रमांक नऊ: 'वाळवणाचे ओटे, एकोणीस. हलवता येण्याजोगे. नुकसानभरपाई: रस्त्याच्या कडेला नवे ओटे बांधून देणे.' मग सर्व्हेची माणसं गावात आली आणि त्यांनी ओट्यांवर लाल रंगाने आकडे टाकले. के-एक ते के-एकोणीस. 'के' मीच सुचवला होता, कॉफीचा. इंडोनेशियनमध्ये कॉफीला 'कोपी' म्हणतात, तो शब्द 'के'ने सुरू होतो, म्हणून.

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी ट्रेनमध्ये मार्तिनुसचा मेसेज आला. मामा लुसिया गेली. बरोबर एक फोटो होता. चौकात माणसं उभी होती, काळ्या कपड्यांत, बायकांनी डोक्यावरून विणलेली लुंगी घेतलेली. मधोमध ओट्यावरची फरशी पहारींनी सरकवून बाजूला उभी केली होती. खाली खड्डा होता, आणि चौघे जण कापडात गुंडाळलेली म्हातारी त्यात उतरवत होते. उभ्या केलेल्या फरशीवर लाल रंगात लिहिलेलं होतं, के-सात.

मार्तिनुसने खाली लिहिलं होतं, 'आजी आजोबांजवळ गेली. बायको नवऱ्याच्याच दगडाखाली जाते. नवीन लोक चर्चमागे जातात, पण आमची जुनी एकोणीस घराणी इथेच. मॅडमना हे ठाऊक आहेच.'

मॅडमना ठाऊक नव्हतं. मॅडमनी ट्रेनमध्ये बसल्या बसल्या हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं, कारण दुसरं काय पाठवायचं हे सुचेना. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. ओट्याचा मालक कोण, तर जो खाली झोपलाय तो. मार्तिनुसने मला एकोणीस मेलेल्या माणसांची नावं दिली होती. कॉफीचे पहिले घोट पेत्रुसचे होते. म्हातारीचा हात जराही कापत नव्हता.

माझ्या घरात स्मशानातून आलेला माणूस दारातच थांबतो, आंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावत नाही. माणूस गेला, जाळला, राख पाण्यात सोडली, तेराव्याला जेवणं झाली की त्याची जागा भिंतीवर. मेलेल्याच्या छातीवर उद्याचं खाणं वाळत घालायचं, त्याच्या अंगावर पोरांनी बसून पाढे म्हणायचे, हे माझ्या डोक्यात शिरूच शकलं नसतं. पदव्या दोन घेतल्या, भाषा शिकले, पण बघताना मी सदाशिव पेठेच्या गच्चीतूनच बघत होते. आणि इतकी वर्षं लोकांना वर्कशॉपमध्ये सांगत होते की आपली गृहीतकं दाराबाहेर काढून ठेवा.

ऑफिसात पोचल्यावर मी सरळ शैलेंद्रच्या केबिनमध्ये गेले आणि फोटो त्याच्यासमोर धरला. माणूस दगड नाही. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शिट," तो म्हणाला. "सगळे एकोणीस?"

"सगळे. चौक म्हणजेच त्यांची दफनभूमी आहे. ऑप्शन ए होऊच शकत नाही."

"इरा, थांब जरा. गावाच्या संमतीची मीटिंग कधी आहे?"

"पुढच्या शनिवारी. अकरा दिवस आहेत. आज कळवलं तर थांबवतील."

"थांबवतील म्हणजे काय, आठ महिने मागे जातील. आणि विचारतील की तुम्ही नक्की काय बघितलंत." तो खुर्चीत मागे रेलला. "हे बघ, डेस्कटॉप प्रोफाइल आहे ना ही? लिमिटेशन्सच्या पानावर आपण लिहिलंय की प्रत्यक्ष पाहणी केलेली नाही. तू एक करेक्शन नोट बनव, मला पाठव. मी योग्य वेळी फॉरवर्ड करतो."

"योग्य वेळ आत्ता आहे, शैलेंद्र."

"मेट, मला क्लायंट माहितीये. माझ्यावर सोड." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तुझंच नाव आहे त्यावर. ब्रिस्बेनच्या कॉन्फरन्सला तू हीच केस स्टडी प्रेझेंट करणार आहेस. जरा विचार कर."

विचार मी केला. नोट दीड पानांची झाली, चांगली झाली. मंगळवारी संध्याकाळी मी ती फक्त शैलेंद्रला पाठवली. क्लायंटचा पत्ता कॉपीच्या रकान्यात घातला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

मी नोकरीला घाबरले असं म्हटलं तर ते सोयीचं होईल. लोक समजून घेतात. माझं काँट्रॅक्ट दरवर्षी नवं होतं हे खरं आहे, आणि या वर्षी पक्कं करायचं शैलेंद्रने कबूल केलं होतं हेही खरं. पण मला त्यातून काढलं असतं तरी मी उपाशी मेले नसते. मला माझी चूक चार लोकांत वाचून दाखवायची नव्हती, खरं कारण एवढंच. 'आमची इंडोनेशिया' थडग्यांना वाळवणाचे ओटे म्हणाली, हे त्या मायक्रोवेव्हपाशी उभं राहून कोणी हसत हसत सांगावं, ते मला नको होतं.

शुक्रवारी मी शैलेंद्रला विचारलं. "होतंय, होतंय," तो म्हणाला. पुढच्या बुधवारी शनिवारच्या मीटिंगची कार्यक्रमपत्रिका आली. त्यात तक्ता क्रमांक नऊ तसाच होता. एकोणीस ओटे, मालकांची नावं, सहीसाठी रकाना. मी ती उघडली, वाचली आणि बंद केली. गुरुवारी मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने 'नाही पाठवली' असं सांगितलं असतं, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं.

आणि क्लायंट, शैलेंद्र, कॉपीचा रकाना, हे सगळं जाऊ दे. मार्तिनुसचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक फोन केला असता, 'शनिवारी कोणी अंगठा देऊ नका' एवढं वाक्य बोलले असते, तर काम झालं असतं. त्याची भाषा मला येते. तेवढ्यासाठीच तर मला ठेवलं होतं. मी स्वतःला सांगितलं की करारात गोपनीयतेचं कलम आहे. ते कलम मी चार वर्षांत पहिल्यांदा वाचलं.

शनिवारी सकाळी मी अनन्याला, माझ्या मुलीला, स्विमिंगला घेऊन गेले. बाकावर बसले होते, मांडीवर तिचा टॉवेल. वोलोतेपूचं घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास मागे. म्हणजे आता माणसं चौकात जमत असतील, असा हिशोब डोक्यात चालू होता. अनन्या पाण्यातून बाहेर आली.

"आई, डिड यू सी माय डाइव्ह?"

"बघितली. मस्त होती," मी म्हणाले. बघितली नव्हती.

सोमवारी ऑफिसात केक होता. शैलेंद्रने सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की वोलोतेपूमध्ये संमती शंभर टक्के मिळाली, एकोणीसपैकी एकोणीस. असा आकडा आमच्या कंपनीला कधी मिळाला नव्हता. "क्रेडिट गोज टू इरावती," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी केकचा तुकडा घेतला, आणि वाईट याचं वाटतं की खाल्ला.

मला कळेना की हे झालं कसं. स्वतःच्या बापाचं थडगं फोडायला कोण अंगठा देईल? मला वाटलं होतं, निदान मनाच्या एका कोपऱ्यात मी धरून ठेवलं होतं, की मीटिंगमध्ये कोणीतरी उठून ओरडेल, गोंधळ होईल, काम थांबेल आणि माझं नावही राहील.

दुपारी मार्तिनुसचा व्हिडिओ आला आणि पाठोपाठ मेसेज. व्हिडिओत सरकारी गणवेशातला एक अधिकारी चौकात उभा राहून ध्वनिक्षेपकावरून नावं वाचत होता. माझीच यादी. सगळ्यात जुन्या घराण्यापासून क्रमाने. पहिलं नाव घेतलं. मग एक म्हातारा पुढे आला, डोळे पुसत, ओट्याला हात लावून नमस्कार केला आणि कागदावर अंगठा उठवला. दुसरं नाव, दुसरा म्हातारा. सातव्या नावाला, पेत्रुसच्या, मार्तिनुसच पुढे झाला.

मेसेजमध्ये त्याने लिहिलं होतं:

'मॅडम, आभार कसे मानू कळत नाही. आजवर डच आले, जपानी आले, आपलं सरकार आलं, पण आमच्या पूर्वजांची नावं बाहेरच्या कोणी चौकात उभं राहून घेतली नव्हती. तीही बरोबर क्रमाने. साहेब म्हणाले, ही नावं ऑस्ट्रेलियातून आलेल्या अहवालात आहेत आणि कंपनी या मालकांचा मान राखून त्यांना नवीन जागा बांधून देणार आहे. कागद इंग्रजीत होता, पण लिहिणाऱ्या मॅडम आहेत म्हटल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की खुशाल अंगठा द्या. म्हातारे रडले. फक्त एक विचारतात. रस्ता ओट्यांना सोडून बाजूनेच जाणार ना? यंत्र कालच आलं, चर्चपाशी उभं आहे.'

मी जिन्यात जाऊन बसले. तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. त्यांना कोणी फसवायला लागलंच नव्हतं. माझ्या यादीने ते काम करून टाकलं होतं, आणि माझ्या नावाने जामीन राहिला होता तो, ज्याची आजी तेरा दिवसांपूर्वी त्या दगडाखाली गेली होती.

मग मी लिहिलं. एकदाचं सगळं लिहिलं. की अहवालात ते ओटे कॉफी वाळवायचे म्हणून लिहिलेत, थडगी म्हणून नाही. की नवीन जागा म्हणजे रस्त्याच्या कडेला सिमेंटचे नवे ओटे, वाळवणासाठी. की रस्ता बाजूने जाणार नाही, चौकातून जाणार आहे. की चूक माझी आहे. की बिशपकडे जा, वकील गाठा, जुने फोटो गोळा करा, मी लागेल ते लिहून देते. पाठवलं.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. तो टेकडीवर उभा असणार, खाली चौक दिसत असणार. वीस मिनिटांनी मेसेज आला, एका ओळीचा.

'मॅडमना हे कधी कळलं?'

उत्तर त्याच्याच फोनमध्ये होतं. के-सातचा फोटो, खाली माझे जोडलेले हात, तारीख आणि वेळेसकट. त्याने वर सरकवून बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं. पण तो तसा माणूस नाही, हे मला माहीत होतं. मी उत्तर लिहायला घेतलं. खरं लिहिलं आणि पुसलं. वरून कोणीतरी माझं नाव घेऊन हाक मारत होतं, केक उरलाय म्हणून.

मी लिहिलं, 'आज.'

या वेळी उत्तर लगेच आलं.

'मग मॅडमचा काय दोष. वाईट वाटून घेऊ नका. उद्या सकाळी यंत्र चालू व्हायच्या आत मी जाऊन आजीला सांगतो की मॅडमना माहीत नव्हतं.'